गोळी झाडण्याआधी सुरी शिका

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. ऑफिसं ओस पडतात, पेट्रोल पंपांवर पहाटेपासून नारिंगी जाकिटांची गर्दी होते, आणि अलीकडे त्या गर्दीत आपली मराठी माणसंही दिसू लागली आहेत. कुणाला शेजारी घेऊन जातो, कुणाला ऑफिसातला मित्र, कुणाचा इथेच वाढलेला मुलगा हट्ट धरतो. यात मला वावगं काही वाटत नाही. ही शिकार कायद्याने मान्य आहे, इथल्या शेतकरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि वाढलेल्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला तिची मदत होते. मला बोलायचं आहे ते गोळी लागल्यानंतरच्या कामाबद्दल. त्याबद्दल आपल्या मंडळींना कुणीच काही सांगितलेलं नसतं.

आपल्यापैकी बहुतेकांसाठी मटण म्हणजे रविवारी सकाळी दुकानात उभं राहून "पाऊण किलो द्या, नळी घाला, चरबी कमी" असं सांगणं. बोकड सोलणं, कोथळा काढणं, पित्त न फोडता काळीज वेगळं करणं, सांध्यावर सुरी घालणं, हे सगळं खाटीक करतो. जिवंत जनावर आणि आपली पिशवी यांच्यामध्ये त्याचं आयुष्यभराचं कसब उभं असतं आणि आपण ते पाहतही नाही. विस्कॉन्सिनच्या जंगलात तो खाटीक नसतो. अंधारून आलेलं असतं, बोटं गारठलेली असतात, आणि पायाशी सत्तर किलोचं हरीण पडलेलं असतं. पुढचं काम तुमचंच.

म्हणून माझं आवाहन एवढंच आहे की ज्याला जनावर साफ करता येत नाही त्याने ते मारू नये. आधी शिका, मग जा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. पुढे लिहिलेलं काहीही चितळ, सांबर, भेकर किंवा रानडुकराला लावू नका. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वनखात्याने दिली तरी मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, ते चुलीवर चढवायचं नसतं. गावाकडे कुणी "रानातलं आहे" म्हणून गुपचूप मटण आणून देत असेल तर हात जोडून परत करा. गुन्हा तर आहेच, शिवाय ते जनावर कशाने मेलं, किती तास उन्हात पडून होतं, हे तुम्हाला कोण सांगणार?

अमेरिकेतल्या मंडळींनीही कायदा आधी नीट पाहावा. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय साधारणपणे परवाना मिळत नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकण्याची सोय आहे, तिचे नियम वेगळे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी तर फारच जपून राहायला हवं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्याला मोजक्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक "नुसती फोटोपुरती" हातात घेण्याआधी याचा विचार करा. शंका असेल तर व्हिसाच्या वकिलाला विचारा, मित्राला नाही.

आता मूळ कामाकडे येतो. जिवंत हरणाचं अंग ३८-३९ अंश सेल्सियस गरम असतं. मांस चांगलं राहायचं तर ते ४ अंशांपर्यंत खाली यायला हवं. ही घसरण किती लवकर होते यावर पुढचं सगळं ठरतं. पण हरणाचं शरीरच त्याच्या विरुद्ध काम करत असतं. हिवाळ्यातले त्याचे केस आतून पोकळ असतात. बर्फात त्याला जगवणारी ही केसांची दुलई मेल्यावर उष्णता आत कोंडून धरते. हरीण रवंथ करणारं, त्यामुळे पोटाच्या कोठ्यात चारा आंबत असतो आणि ते आंबणं हृदय थांबलं म्हणून थांबत नाही. वायू होतो, पोट फुगतं. मागच्या मांडीत हाडाजवळची ऊब सर्वांत शेवटी निघते. तिथे मांस आतल्या आत नासतं, वरून लालबुंद दिसतं आणि घरी कापताना हाडाशी हिरवट डाग आणि वास सापडतो. "हरणाला जंगली वास येतो" अशी तक्रार आपण ऐकतो. बहुतेक वेळा तो वास जंगलाचा नसतो, उशिरा काढलेल्या पोटाचा, मांसाला लागलेल्या केसांचा आणि न काढलेल्या चरबीचा असतो.

म्हणून हरीण पडल्यावर फोटो एक-दोनच काढा. त्याआधी मागून जवळ जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पाहा. पापणी हलली नाही तरच ते मेलं असं समजा. बंदुकीतल्या गोळ्या काढून ती बाजूला ठेवा. नारिंगी जाकीट अंगावरच राहू द्या, कारण वाकून काम करणारा माणूस दुरून जनावरासारखा दिसू शकतो.

गळा चिरायच्या भानगडीत पडू नका. खाटीक चिरतो तेव्हा बोकडाचं हृदय चालू असतं, म्हणून रक्त वाहतं. इथे ते थांबलेलं असतं. गोळी छातीत लागली असेल तर बहुतेक रक्त छातीच्या पोकळीत साचलेलं असतं, आणि ते आतडी काढताना आपोआप बाहेर पडतं.

सुरी बोटभर लांबीची पुरते, मात्र धार पक्की हवी. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली सुरी निसटते. हातात लांब रबरी मोजे घाला. हरणाला उताणं ठेवा, डोकं चढाच्या बाजूला. आधी गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन तो भाग मोकळा करा आणि दोरीने बांधून टाका, म्हणजे विष्ठा मांसाला लागत नाही. मग छातीचं हाड जिथे संपतं तिथे कातडी चिमटीत उचलून लहानशी चीर द्या. त्या चिरेत दोन बोटं घाला, बोटांच्या मधोमध सुरी धरा, धार वर आकाशाकडे. बोटांनी पोटाची पिशवी खाली दाबत सुरी हळूहळू मागच्या पायांपर्यंत न्या. धार खाली ठेवून कापलंत तर कोठा फुटलाच म्हणून समजा. असं कापल्याने केसही बाहेरच्या बाहेर राहतात.

यानंतर छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा फासळ्यांच्या कडेने कापायचा. मग हात छातीत कोपरापर्यंत घालून श्वासनळी शोधायची, जमेल तितकी वर कापायची आणि ती धरून सगळं एका ओढीत खाली आणायचं. इथे घाई करू नका. हात दिसत नाही आणि सुरी आत असते. शिकाऱ्यांना सुरी लागते ती बहुधा इथेच. दोघे असाल तर एकाने पाय धरावेत, दुसऱ्याने सुरी चालवावी. दोघांच्या सुऱ्या एकाच वेळी आत नकोत. मूत्राशय शेवटी, मान चिमटीत घट्ट धरून. बोकडाच्या बाबतीत खाटीक सर्वांत जास्त जपतो ते पित्ताला. हरणाला पित्ताशय नसतंच, तेवढी एक काळजी कमी. काळीज मात्र हातात घेऊन नीट पाहा. या भागात हरणांच्या यकृतात पानाच्या आकाराचे चपटे कृमी सापडतात. काळजावर गाठी, पोकळ्या किंवा काळसर रेघा दिसल्या तर ते खाऊ नका.

मग हरीण पालथं करून रक्त निथळू द्या आणि फासळ्या काठीने फाकवून ठेवा. गोळी पोटात लागून कोठा फुटला असेल तर तो भाग लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, कापडाने पुसून कोरडा करा, माखलेलं मांस कापून टाका. बाकी वेळी पाणी ओतू नका, ओलाव्यात जंतू वाढतात. मागच्या पायांच्या गुडघ्यांवर आतल्या बाजूला काळ्या केसांचे उग्र वासाचे झुपके असतात. त्या ग्रंथींना हात लावलात तर तोच हात मांसाला लावू नका. हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे करायची असते, फोनवरून किंवा संगणकावरून. तेही विसरू नका.

थंडी चांगली असेल तर कातडी एक-दोन दिवस ठेवली तरी चालते. पण सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो तेव्हा, किंवा नोव्हेंबरातही एखादा उबदार दिवस निघाला की, थांबू नका. दहा अंशांच्या वर पारा असेल तर त्याच दिवशी सोला आणि बर्फावर घाला. गरम असताना कातडी सुटतेही सहज. मागच्या पायांच्या शिरेखालून आडवी काठी घालून टांगा. कापायचं फक्त जिथे चिकटलेलं आहे तिथे, बाकी मुठीने दाबत खाली ओढायचं. सोलताना एक हात कातडीचा आणि दुसरा मांसाचा, असं ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत पाळा. केस मांसावर आले की ते निवडण्यात रात्र जाते.

सोलल्या सोलल्या मांस हाडावरून काढून गोठवू नका. मेल्यानंतर काही तासांत स्नायू आवळतात, दिवसभरानंतर सैल पडतात. आवळलेल्या अवस्थेत कापून फ्रीझरमध्ये टाकलेलं मांस कितीही शिजवलं तरी वातड राहतं. १ ते ३ अंशांत चार-पाच दिवस टांगता आलं तर उत्तम. घरी जागा नसेल तर बर्फाच्या मोठ्या पेटीत ठेवा, पाण्याची तोटी उघडी ठेवून, म्हणजे मांस वितळलेल्या पाण्यात बुडत नाही.

तुकडे करणं वाटतं तितकं अवघड नाही. पुढच्या पायाला धडाशी जोडणारा हाडाचा सांधाच नसतो. पाय बाहेर ओढून सुरी फासळ्यांना लावून फिरवली की अख्खा खांदा हातात येतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मानेपासून कमरेपर्यंत दोन लांब पट्टे असतात. हरणातलं सर्वांत मऊ मांस ते आणि पोटाच्या आत कण्याला चिकटलेल्या दोन लहान पट्ट्यांचं. मागची मांडी उखळीच्या सांध्यावर सुटते. तिच्यातले स्नायू एकमेकांपासून बोटांनी वेगळे होतात, सुरी फक्त वाट दाखवते. साधारण सत्तर किलोच्या हरणातून पंचवीस किलोच्या आसपास बिनहाडाचं मांस निघतं. ते ठेवायला फ्रीझरमध्ये जागा आहे का, हे घरात आधी विचारा. रात्री दहाला हरीण गॅरेजात आणून "आता तू बघ" असं बायकोला किंवा आईला सांगणारे महाभाग मला माहीत आहेत. ज्याने मारलं त्यानेच ते पाकिटात भरेपर्यंत निस्तरायचं, हा नियम घरोघरी असावा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे आपल्या मराठी स्वयंपाकाशी थेट जोडलेलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग पसरतो आहे. जनावर खंगत जातं, मेंदूला भोकं पडतात, मरण ठरलेलं. हा रोग १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला आणि २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळच्या भागात सापडला. तेव्हापासून तो पसरतच गेला आहे. त्याचं कारण जंतू किंवा विषाणू नाही, प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन आहे. कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या, ते मरत नाही. फ्रीझरमध्येही मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण गाईंच्या अशाच रोगाने इंग्लंडात माणसं दगावली होती, त्यामुळे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांचा सल्ला स्पष्ट आहे: रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या, आणि रोग निघाला तर खाऊ नका. लागण झालेलं हरीण बराच काळ धडधाकट दिसतं, डोळ्यांना काही कळत नाही.

आपली अडचण अशी की आपल्याला हाड आवडतं. रश्श्याला चव हाडाची, मुंडीचा रस्सा, भेजा फ्राय, हे सगळं आपलं आहे. प्रिऑन सर्वाधिक असतं ते नेमकं मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांत. त्यामुळे रोग असलेल्या भागातल्या हरणाचा भेजा नाही, मुंडी नाही, कण्याची हाडं नाहीत. सत्तूर किंवा करवत घेऊन कण्यातून तुकडे पाडू नका. हाडाला न कापता मांस सोडवून घ्या. रस्सा करायचाच असेल तर मानेच्या आणि नडगीच्या मांसाचा करा. त्यात शिरा आणि पांढरे धागे भरपूर असतात, मंद आचेवर तीन तासांत ते विरघळतात आणि रस्सा दाट होतो. हाडाची उणीव फारशी जाणवत नाही.

तपासणीसाठी मानेच्या थोड्या भागासह डोकं विभागाच्या संकलन केंद्रावर द्यायचं असतं. विस्कॉन्सिनमध्ये तपासणीला पैसे पडत नाहीत. निकालाला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर मांस फ्रीझरमध्ये, पाकिटावर तारीख आणि जनावराचा क्रमांक लिहून. दोन हरणांचा खिमा एकत्र करू नका, नाहीतर एकाचा निकाल वाईट आला की दोन्ही टाकावे लागतात. बाहेरच्या कसायाकडे देत असाल तर आपल्याच हरणाचं मांस परत मिळणार का, की सगळ्यांचं मिसळून सॉसेज होणार, हे आधी विचारा. सुऱ्या घासून मांसाचा कण न कण काढा, मग घरगुती ब्लीचच्या चाळीस टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवून ठेवा. हाडं आणि कातडं रस्त्याच्या कडेला किंवा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन टाकू नका. अख्खं धड जिल्ह्याबाहेर नेण्यावरही बंधनं आहेत, ती निघण्याआधी वाचा.

शिजवण्याबद्दल थोडक्यात. हरणाची चरबी बोकडासारखी चवदार नसते. ती मेणासारखी घट्ट असते, टाळूला चिकटते. जमेल तेवढी काढून टाका आणि तेल किंवा तूप आपलं घाला. पाठीच्या पट्ट्याचे दोन बोटं जाडीचे तुकडे करून कडक तव्यावर थोडाच वेळ परतायचे. मटणासारखे तासभर शिजवलेत तर लाकूड होतात. आतलं तापमान ६३ अंशांवर गेलं की उतरवून तीन मिनिटं ठेवा. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजायलाच हवा. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या ताटात कुठलाही तुकडा कच्चट नको, हरणाच्या मांसात टॉक्सोप्लाझ्माचे परजीवी असू शकतात.

ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांना आणखी एक विनंती. शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर आणि त्याहूनही दूर पसरतात. खिम्यात ते कुणालाच सापडत नाहीत. मुलांच्या मेंदूला शिशाची थोडीही मात्रा घातक असते. तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या जवळपास अखंड राहतात. थोड्या महाग आहेत, पण एका हरणाला एक-दोनच लागतात. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात, त्यातलं शिसं त्यांच्याही पोटात जातं. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या टकल्या आणि सोनेरी गरुडांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेल्या शिशाच्या खुणा सापडल्या. तेव्हा शिसं सोडून द्या.

हौसेपोटी दुसरं हरीण मारायचं आणि घरात खाणारं कुणी नाही, असं होत असेल तर विस्कॉन्सिनमध्ये २००० सालापासून हरणाचं मांस गरजूंच्या अन्नकेंद्रांना देण्याची योजना आहे. साफ केलेलं, नोंदवलेलं हरीण योजनेतल्या कसायाकडे न्यायचं, कापण्याचा खर्च तुमच्यावर पडत नाही. पण तिथेही ते नासलेलं घेत नाहीत. आतडी वेळेवर आणि स्वच्छ काढलेली हवीत.

हे सगळं वाचून येत नाही, हाताने करावं लागतं. इथे बोकडांचे मळे कमी नाहीत. चार-पाच घरांनी मिळून शेतकऱ्याकडून एक अख्खा बोकड घ्यावा, त्याच्याच इथे परवानगीने कापून, सोलून, सांधे सोडवून पाहावेत. ज्यांचं गाव कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडचं आहे, ज्यांनी जत्रेत मटणाचे वाटे घालताना पाहिलेत, त्यांनी पुढे यावं. गावाकडच्या खाटीकदादांना व्हिडिओ कॉल लावा. सांधा कुठे सोडवायचा हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगणार नाही. महाराष्ट्र मंडळं दिवाळीच्या कार्यक्रमासाठी सप्टेंबरातच कामाला लागतात, त्याच यादीत हा एक शनिवार घालावा. मुलगा-मुलगी बंदूक मागत असतील तर त्यांनाही न्या आणि सुरी त्यांच्याच हातात द्या. ज्याला त्या दिवशी बोकडाच्या पोटात हात घालवला नाही, त्याने यंदा परवाना काढू नये.